फेराइट भाजताना: कोबाल्ट फेराइटची रचना, चुंबकत्व आणि भट्टीतल्या नोंदी

फेराइटवर (लोह आणि दुसऱ्या धातूच्या चुंबकी ऑक्साइडवर) काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुतेक वेळा एकच आराखडा असतो. सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचा जेल करून, तो जाळून) पूड बनवायची, तिचे चार भाग करून ४००, ६००, ८०० आणि १००० °से.ला भाजायचे, एक्सआरडी (रचनेसाठी क्ष-किरण विवर्तन) आणि व्हीएसएम (चुंबकनाची मोजणी) करून आणायचं, आणि शेवटी लिहायचं: ‘तापमान वाढल्याने कणांचा आकार वाढला, त्यामुळे चुंबकत्व वाढलं.’ कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर इथल्या भौतिकशास्त्र विभागांत फेराइटवर कित्येक वर्षं काम चालू आहे, त्यामुळे हे वाक्य मराठी मुलांच्या कानावर लवकर पडतं. वाक्य चूक नाही, पण अपुरं आहे. भट्टीत कण वाढतात, त्याच वेळी आयन जागा बदलतात, नको असलेल्या प्रावस्था (वेगळ्या रचनेची संयुगं) येतात किंवा जातात, उरलेला कार्बन जळतो. यातली प्रत्येक गोष्ट चुंबकत्वाचा आकडा हलवू शकते. कोणत्या गोष्टीने तो किती हलवला, हे वेगळं काढता यावं अशा रीतीने प्रयोग कसा आखायचा, ते इथे कोबाल्ट फेराइटच्या उदाहरणावरून सांगतो.

आधी कागदावरचा हिशेब

भट्टी लावण्याआधी तासभर कागद-पेन घेऊन बसा. कोबाल्ट फेराइटच्या एका सूत्रात एक कोबाल्ट, दोन लोह आणि चार ऑक्सिजन असतात. रेणुभार २३४.६२. रचना स्पिनेलची: घनाकृती एकक पेशीत ३२ ऑक्सिजन, आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत धातूचे आयन. चार ऑक्सिजननी वेढलेली जागा म्हणजे ए-जागा. सहा ऑक्सिजननी वेढलेली ती बी-जागा. एका पेशीत ८ ए-जागा आणि १६ बी-जागा भरलेल्या असतात.

लुई नील यांनी १९४८ मध्ये मांडलेली कल्पना अशी की ए-जागांवरचे चुंबकी आघूर्ण एका दिशेला आणि बी-जागांवरचे उलट दिशेला असतात. आपल्याला बाहेर दिसतं ते दोन्हींमधलं अंतर. १९७० च्या नोबेलमागे याच कामाचा मोठा वाटा होता. कोबाल्ट फेराइट हे बहुतांशी व्यस्त स्पिनेल आहे, म्हणजे कोबाल्ट बी-जागी, लोहाचा एक आयन ए-जागी आणि दुसरा बी-जागी. लोहाचे ५ बोहर मॅग्नेटॉन (आयनाच्या चुंबकी आघूर्णाचं एकक), कोबाल्टचे फक्त स्पिनचे ३. बी-जागी ५ अधिक ३, ए-जागी ५, वजाबाकी ३. हा आकडा ५५८५ ने गुणून रेणुभाराने भागला की सुमारे ७१ ईएमयू (चुंबकनाचं एकक) प्रति ग्रॅम मिळतात. प्रत्यक्षात मोठ्या कणांच्या कोबाल्ट फेराइटचं संपृक्त चुंबकन (क्षेत्र वाढवूनही पुढे न वाढणारी कमाल किंमत) खोलीच्या तापमानाला ८० च्या आसपास भरतं. वरचे नऊ कुठून आले? काही अंशी कोबाल्टच्या कक्षीय आघूर्णातून, आणि काही अंशी थोडा कोबाल्ट ए-जागी गेल्यामुळे.

हा दुसरा भाग नीट पाहा. समजा १० टक्के कोबाल्ट ए-जागी गेला आणि तेवढंच लोह बी-जागी आलं. बी-जागांची बेरीज ८ वरून ८.२ होते, ए-जागांची ५ वरून ४.८. फरक ३.४. म्हणजे ०.४ मॅग्नेटॉनची वाढ, ईएमयूमध्ये साधारण साडेनऊ. कणाचा आकार तसूभरही न बदलता एवढी वाढ! ‘कण वाढले म्हणून चुंबकत्व वाढलं’ हे वाक्य लिहिण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवायचा तो यासाठी.

झिंक फेराइट तर या वाक्याला सरळ उलटा जातो. मोठ्या कणांचा, नीट भाजलेला झिंक फेराइट सामान्य स्पिनेल असतो: झिंक ए-जागी, सगळं लोह बी-जागी. खोलीच्या तापमानाला त्याचं चुंबकत्व नगण्य असतं. पण नॅनो आकारात बनवला तर काही लोह ए-जागी अडकतं आणि पूड चांगली चुंबकी होते. तीच पूड जास्त तापमानाला भाजा: कण वाढतात, आयन आपापल्या जागी परततात आणि चुंबकत्व घटतं.

पूड बनवणं

५ ग्रॅम फेराइटसाठी हिशेब असा: कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ६.२० ग्रॅम, फेरिक नायट्रेट नॉनाहायड्रेट १७.२२ ग्रॅम, आणि धातूच्या एकूण मोलइतकंच सायट्रिक आम्ल (मोनोहायड्रेट) म्हणजे १३.४३ ग्रॅम. फेरिक नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटली उघडल्यावर खडे ओलसर, एकमेकांना चिकटलेले दिसले तर त्यातलं लोह तुमच्या हिशेबापेक्षा कमी भरणार हे गृहीत धरा आणि नवी बाटली घ्या. लोह कमी पडलं की पुढचं सगळं गणित बिघडतं, आणि भट्टी ते दुरुस्त करू शकत नाही.

तिन्ही गोष्टी कमीत कमी पाण्यात विरघळवा, अमोनिया थेंबथेंब टाकून पीएच ७ वर आणा, ढवळत ८० ते ९० °से.ला आटवा. द्रावण दाट होत होत मधासारखं चिकट होतं, मग त्याचा जेल बनतो. आता चुंबकी ढवळणी काढून घ्या आणि तापमान वाढवा. जेल फुगतो, तपकिरी धूर सुटतो, आणि कडेला कुठेतरी एक ठिणगी दिसते. ती लाल कड जेलभर सरकत जाते आणि मागे हलकी, झाडासारखी फांद्या फुटलेली काळपट राख ठेवते. सगळं काही सेकंदांत होतं.

हे काम फ्यूम हूडमध्येच करा. तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. पाच ग्रॅमसाठी किमान ५०० मिलीचा बीकर घ्या, तोंड झाकू नका, आणि नायट्रेट-सायट्रेटचा जेल बंद ओव्हनमध्ये कधीही ठेवू नका. कोबाल्टचे क्षार आणि फेराइटची बारीक पूड दोन्ही श्वासातून जाऊ नयेत. हातमोजे आणि मास्क घाला.

या राखेला बरेचजण ‘न तापवलेला नमुना’ म्हणतात. ते बरोबर नाही. ज्वाळेने ती आधीच, काही क्षणांसाठी का होईना, बऱ्याच तापमानाला नेलेली असते. ते तापमान तुमच्या ताब्यात नसतं, आणि जेलचा ढीग किती मोठा होता यावरही बदलतं. म्हणून सगळे भाग एकाच जळणातल्या राखेचे घ्या. अॅगेटच्या खलात ती एकत्र घोटून घ्या, मगच वाटे करा. दोन वेगवेगळ्या दिवशी जाळलेल्या राखा वेगवेगळ्या तापमानाला भाजून त्यांची तुलना केली, तर फरक भट्टीचा की जळणाचा हे सांगता येणार नाही.

टीजीए आधी

भाजण्याचं सर्वांत खालचं तापमान अंदाजाने ठरवू नका. राखेचा थोडा भाग टीजीएला (तापवत तापवत वजन मोजणाऱ्या यंत्राला) द्या, हवेत. साधारण १५० °से.पर्यंत ओलावा जातो, २०० ते ४०० दरम्यान उरलेलं सेंद्रिय आणि कार्बन जळतो. वजन जिथे सपाट होतं त्याच्या वरचं तापमान पहिलं घ्या. टीजीएचा हा आलेख पुढे व्हीएसएमच्या वेळी पुन्हा लागणार आहे, जपून ठेवा.

भट्टी

मफल फर्नेसच्या पडद्यावरचा आकडा हा थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या) टोकाचा असतो, तुमच्या क्रूसिबलचा नव्हे. दरवाजाजवळ आणि मागच्या भिंतीजवळ दहा-वीस अंशांचा फरक सहज असू शकतो. एक वेगळा के-टाइप थर्मोकपल नमुन्याच्या जागी ठेवून एकदा तपासून घ्या आणि त्यानंतर क्रूसिबल नेहमी त्याच जागी ठेवा. क्रूसिबल अॅल्युमिनाचं वापरा. १००० च्या पुढे साध्या पोर्सेलिनवर भरवसा ठेवू नका.

पूड पातळ थरात पसरा. जाड ढिगाच्या तळाशी हवा पोचत नाही, तिथला कार्बन ऑक्सिजन शोधत फेराइटचाच ऑक्सिजन ओढतो. झाकण घट्ट असेल किंवा भट्टीत आर्गॉन सोडलेला असेल तर हा कार्बन कोबाल्ट-लोहाचा मिश्रधातूसुद्धा तयार करू शकतो. मग व्हीएसएम ९५ किंवा १०० ईएमयू दाखवतो आणि आनंद होतो. असा आकडा आला की आधी एक्सआरडीत ४५ अंशांच्या जरा अलीकडे पाहा. धातूची रेषा तिथे येते.

तापवण्याचा वेग मिनिटाला ५ अंश, धरून ठेवण्याचा काळ ४ तास. हे नेहमीचे आकडे आहेत आणि सुरुवातीला चांगलेच आहेत. सगळ्यांत दुर्लक्षित राहतो तो थंड करण्याचा भाग. प्रबंधात ‘फर्नेस-कूल’ एवढंच लिहिलेलं असतं. पण कोबाल्ट आणि लोहाचे आयन तापमान उतरत असतानाही ए आणि बी जागांमध्ये अदलाबदल करत असतात. काहीशे अंशांवर आल्यावर ही हालचाल इतकी मंदावते की वाटणी तिथेच गोठते. तुमच्या नमुन्यात खोलीच्या तापमानाला जी वाटणी सापडते ती या गोठण्याच्या क्षणाची असते, ८०० किंवा १००० ची नव्हे. लहान भट्टी रात्रीत थंड होते, जाड विटांची मोठी भट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गरम असते. दोन्हींना ‘फर्नेस-कूल’ म्हटलं तरी नमुने वेगळे येतात.

म्हणून थंड होतानाचं तापमान दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहा, किंवा कंट्रोलरला उतरतीचा वेगही ठरवून द्या, मिनिटाला २ अंश. शक्य असेल तर ८०० °से.चे दोन नमुने करा: एक हळू थंड केलेला, दुसरा चिमट्याने बाहेर काढून थेट थंड धातूच्या पाटावर पसरलेला. दोघांचा कणाचा आकार जवळजवळ सारखा राहतो. चुंबकनात फरक पडला तर आयनांच्या वाटणीकडे बोट दाखवायला तुमच्याकडे पुरावा असतो. या दोन नमुन्यांची जोडी, माझ्या मते, पाचव्या आणि सहाव्या तापमानाच्या नमुन्यांपेक्षा जास्त मोलाची आहे.

आणि एकच पूड पुन्हा पुन्हा वरच्या तापमानाला नेऊ नका. प्रत्येक तापमानाला ताजा वाटा.

एक्सआरडी वाचणं

कॉपरच्या क्ष-किरणांवर स्पिनेलची सर्वांत उंच रेषा (३११) ही ३५.४ ते ३५.५ अंशांवर येते; कंसातले आकडे म्हणजे स्फटिकातल्या प्रतलांची नावं. तिच्या आधी ३०.१ ला (२२०), पुढे ४३ ला (४००), ५७ ला (५११), ६२.६ ला (४४०). लोह असलेल्या नमुन्यात कॉपरच्या किरणांनी प्रतिदीप्ती होते, त्यामुळे पार्श्वभूमी उंच येते आणि लहान रेषा तिच्यात बुडतात. यावर उपाय हळू स्कॅन. विशेषतः ३२ ते ३७ अंशांचा भाग वेगळा आणि सावकाश करून मागा.

का, तर ३३.१५ अंशांवर हेमॅटाइटची (लोहाच्या ऑक्साइडची) मुख्य रेषा असते. पटकन केलेल्या स्कॅनमध्ये ती (३११) च्या डाव्या पायथ्याशी एखाद्या खरचटीसारखी दिसते आणि ‘नॉइज’ म्हणून सोडून दिली जाते. हेमॅटाइट जवळजवळ अचुंबकी आहे. नमुन्यात वजनाने १० टक्के हेमॅटाइट असेल तर केवळ त्याने आकडा आठेक ईएमयूने खाली येतो. बऱ्याचदा ४०० ते ६०० °से.ला हेमॅटाइट दिसतो आणि पुढच्या तापमानांना तो कोबाल्टशी संयोग पावून स्पिनेलमध्ये विरून जातो. अशा मालिकेत चुंबकत्व वाढलं त्याचं एक साधं कारण नमुना शुद्ध होत गेला हे असतं.

स्फटिककणाच्या आकारासाठी रेषेच्या रुंदीवरून आकार काढणारं शेररचं सूत्र सगळेच वापरतात. (३११) ची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४ अंश असेल तर आकार सुमारे २१ नॅनोमीटर येतो. पण त्या ०.४ मध्ये यंत्राची स्वतःची रुंदीही असते. ती सिलिकॉन किंवा लँथॅनम हेक्झाबोराइडच्या प्रमाण नमुन्यावरून मोजून वजा करावी लागते. पूड १००० °से.ला भाजल्यावर रेषा इतक्या बारीक होतात की यंत्राचीच रुंदी मोजली जाते. शंभर नॅनोमीटरच्या आसपास शेरर सोडा, एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पाहा.

जालक स्थिरांक (एकक पेशीच्या बाजूची लांबी) कोबाल्ट फेराइटसाठी ८.३९ अँगस्ट्रॉमच्या जवळ यायला हवा. तिसऱ्या दशांशातल्या बदलावर परिच्छेद लिहिण्याआधी नमुना होल्डरमध्ये थोडा खाली-वर बसला होता का ते विचारा. तेवढ्यानेही रेषा सरकतात. पुडीत थोडी सिलिकॉनची पूड मिसळली की २८.४४ अंशांची तिची रेषा आधार म्हणून मिळते.

इथे एक मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. कोबाल्ट आणि लोह आवर्त सारणीत शेजारी आहेत, एकाच इलेक्ट्रॉनचा फरक. कॉपरच्या क्ष-किरणांना ते जवळजवळ सारखेच दिसतात. रेषांच्या उंचीच्या गुणोत्तरांवरून आयनांची वाटणी काढलेले तक्ते तुम्हाला खूप वाचायला मिळतील. कोबाल्ट फेराइटच्या बाबतीत त्यांवर विसंबू नका. एफटीआयआरमधला (अवरक्त शोषणाच्या आलेखातला) ५९० सेंमी⁻¹ च्या आसपासचा पट्टा ए-जागांबद्दल काही सुचवतो, वाटणीची टक्केवारी देत नाही. वाटणी हवी असेल तर मॉसबावर (लोहाच्या अणुकेंद्रांचा गॅमा किरणांनी घेतलेला वर्णपट) किंवा न्यूट्रॉन विवर्तन. इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममध्ये विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी मॉसबावरची सोय आहे, आणि त्यांच्या मुंबई केंद्रामार्फत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरच्या न्यूट्रॉन यंत्रांसाठी अर्ज करता येतो. मार्गदर्शकांशी बोलून हा अर्ज लवकर करा, एक्सआरडीचे निकाल पाहून मग नव्हे.

व्हीएसएम

मोजायला देण्याआधी पूड घट्ट बसवा: कॅप्सूलमध्ये कापूस, मेण किंवा टेपने. सैल पुडीतले कण क्षेत्राबरोबर स्वतःच फिरतात आणि हिस्टेरिसिसचा वळसा (क्षेत्र चढवत-उतरवत काढलेला चुंबकनाचा आलेख) वेडावाकडा येतो. वजन किमान ०.१ मिलिग्रॅम अचूकतेच्या तराजूवर करा. आणि इथे टीजीए परत काढा. कमी तापमानाच्या नमुन्यात १० टक्के ओलावा आणि कार्बन असेल, तर तुम्ही भागाकार करताय त्या वजनातलं १० टक्के फेराइटच नाही. ७० चा खरा आकडा ६३ दिसेल. वजन दुरुस्त केल्याशिवाय ४०० आणि ८०० ची तुलना करू नका. यंत्र निकेलच्या प्रमाण नमुन्यावर, म्हणजे सुमारे ५५ ईएमयू प्रति ग्रॅमवर, कधी जुळवलं होतं तेही विचारा.

कोबाल्ट फेराइटची अॅनिसोट्रॉपी (चुंबकन ठरावीक दिशांनाच धरून राहण्याची ओढ) जबरदस्त असते, घनमीटरला सुमारे २ लाख ज्यूल. त्यामुळे १० किंवा १५ किलोओर्स्टेडला वळसा अजून चढतच असतो. त्या टोकाच्या आकड्याला ‘संपृक्त’ म्हणणं योग्य नाही. जास्त क्षेत्राचा भाग क्षेत्राच्या वर्गाच्या व्यस्ताविरुद्ध काढून रेषा शून्यापर्यंत वाढवा आणि ती किंमत द्या.

कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) भाजण्याच्या तापमानाबरोबर सरळ चढत नाही. कण फार लहान असला की उष्णतेच्या धक्क्यांनीच त्याचं चुंबकन उलटसुलट होत राहतं. वरचा अॅनिसोट्रॉपीचा आकडा घेऊन खोलीच्या तापमानाचा हिशेब केला तर ही सीमा सुमारे १० नॅनोमीटरला येते. त्याहून मोठा कण चुंबकन धरून ठेवू लागतो आणि कोअर्सिव्हिटी झपाट्याने वाढते, हजार-दोन हजार ओर्स्टेडपर्यंत. पुढे कण इतका मोठा होतो की त्यात एकापेक्षा जास्त चुंबकी प्रदेश मावतात. प्रदेशांमधली भिंत सरकवायला कमी क्षेत्र पुरतं, आणि कोअर्सिव्हिटी उतरते. त्यामुळे ६०० ला चढलेली आणि १००० ला उतरलेली कोअर्सिव्हिटी दिसली तर घाबरून मोजणी पुन्हा करू नका. आलेख तापमानाविरुद्ध न काढता कणाच्या आकाराविरुद्ध काढा, शिखर लगेच ओळखू येईल.

लहान कणांचं संपृक्त चुंबकन कमी का, याचं उत्तर त्यांच्या पृष्ठभागात आहे. तिथल्या आयनांचे शेजारी तुटलेले असतात, त्यांचे स्पिन तिरके राहतात. कण वाढला की पृष्ठभागाचा वाटा घटतो. हे कारण खरं आहे; फक्त ओलावा, हेमॅटाइट आणि वाटणी या तिघांचा हिशेब झाल्यावर जे उरतं, तेवढंच त्याच्या नावावर लिहायचं.

पेलेट करायची असेल तर

पुडीत दोनेक टक्के पीव्हीए (कण चिकटवणारा बाइंडर) मिसळून चकती दाबा, आणि ५०० ते ६०० °से.पर्यंत अगदी सावकाश न्या, नाहीतर बाइंडरचा वायू पेलेट तडकवतो. घनता तपासा: ८.३९ अँगस्ट्रॉमच्या जालकातून क्ष-किरण घनता ५.२८ ग्रॅम प्रति घन सेंमी येते. १० मिमी व्यासाची, २.५ मिमी जाडीची, ०.९३ ग्रॅमची पेलेट ४.७४ भरते, म्हणजे ९० टक्के. बाकीची दहा टक्के छिद्रं. १२०० च्या वर हवेतही थोडं लोह द्विसंयुजी होऊ लागतं आणि विद्युतरोध घसरतो, तेव्हा विद्युत मोजण्या करणाऱ्यांनी तापमान उगाच ताणू नये.

कोबाल्ट फेराइटवर आणखी एक प्रक्रिया करता येते, तिला इतिहासही आहे. टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० च्या सुमारास कोबाल्ट फेराइट असलेला ऑक्साइडचा कायम चुंबक तयार केला, तो चुंबकीय क्षेत्रात थंड करून. क्युरी तापमान (ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसं होतं) सुमारे ५२० °से. त्याखाली, ३०० च्या आसपास, क्षेत्रात काही तास ठेवलं की कोबाल्टचे आयन क्षेत्राच्या दिशेला अनुकूल अशा बी-जागा निवडतात आणि त्या दिशेने वळसा चौकोनी होत जातो. एवढ्या कमी तापमानाला कण वाढत नाहीत. म्हणजे आकार तोच, चुंबकत्व वेगळं.

दुसऱ्या फेराइटकडे वळताना

वरचे आकडे उचलून तसेच लावू नका. कॉपर फेराइट हळू थंड केला तर चौकोनी-लांबट (टेट्रागोनल) रचनेचा, झटकन थंड केला तर घनाकृती आणि जास्त चुंबकी मिळतो. मॅग्नेशियम फेराइटचं चुंबकनही थंड करण्याच्या वेगावर ठळकपणे बदलतं. निकेल-झिंक हवेत भाजता येतो, पण फार वरच्या तापमानाला झिंक उडून जातो. मँगनीज-झिंकची गोष्ट सगळ्यांत अवघड: तो १३०० च्या पुढे भाजतात आणि थंड करताना भट्टीतला ऑक्सिजन तापमानाबरोबर कमी कमी करत आणावा लागतो. हवेतच थंड केला तर मँगनीज ऑक्सिडीकरण पावतं, हेमॅटाइट बाहेर पडतो आणि चुंबकी पारगम्यता (क्षेत्राला सहज प्रतिसाद देण्याची क्षमता) कोसळते. तुमच्या प्रयोगशाळेत फक्त हवेची मफल भट्टी असेल तर मँगनीज-झिंक हा विषय घेऊ नका. कोबाल्ट किंवा निकेल-झिंकपासून सुरुवात करा.